गोधडीचा जमाखर्च

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की घराघरांतून आवराआवर सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, फडताळे रिकामी होतात आणि पावसाळाभर कोंदट वास धरून बसलेल्या गोधड्या उन्हात पडतात. शहरात गच्चीच्या कठड्यावर, खेड्यात अंगणातल्या दोरीवर नाहीतर थेट कुडावर त्या पसरलेल्या असतात. येणारा-जाणारा रांगोळी पाहतो, आकाशकंदील पाहतो. गोधडीकडे कोण पाहणार?

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मात्र सर्वांच्या तोंडी. महागाईचे दिवस आले म्हणजे ती विशेष ऐकू येते. वडील मुलाला ऐकवतात, सासू सुनेला ऐकवते आणि अर्थमंत्रीही, शब्द बदलून, जनतेला तेच ऐकवतात. पण या म्हणीचे सारे लक्ष पायांकडे आहे. अंथरूण किती लांब, ते कोणी केले, कशाचे केले आणि कापड कडाडले म्हणजे ते किती आखडते, याची चौकशी म्हण करीत नाही. वाचकहो, ती चौकशी आज येथे करावयाची आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर जमाखर्चाची वही पुढे आणल्याबद्दल रागावू नये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीलाच तर हळदकुंकू वाहतो.

गोधडी म्हणजे गरिबीची खूण, असा एक समज पांढरपेशा समाजात रुजलेला आहे. फाटके घालणाऱ्या साधूला लोक याच नावाने ओळखू लागतात. गाडगेमहाराजांना वऱ्हाडात कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा. हा समज मला अर्धाच खरा वाटतो. गोधडी होण्यासाठी घरात जुने कापड शिल्लक पडावे लागते. म्हणजे जुने अंगावरून उतरवून नवे नेसण्याची ऐपत आधी हवी. ज्या घरात एकच लुगडे अर्धे नेसून अर्धे वाळवले जाते, त्या घरात गोधडी कशाची शिवणार? म्हणून महागाई आली की गोधड्या वाढत नाहीत; त्या थांबतात. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतील मोठमोठ्या महागाया ओळीने पाहिल्या, तर हे पुनःपुन्हा दिसून येते.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. देशावर तिला वाकळ म्हणतात, कोठे लेप म्हणतात. तान्ह्या बाळाचे ते दुपटे. हिंदीतली गुदडी ही तिची सख्खी बहीण. कर्नाटकातली कौदी, बिहारची सुजनी आणि बंगालचा कांथा ही सारी तिचीच भावंडे. खाली एक लुगडे पसरावे, त्यावर धोतराचे, अंगरख्यांचे, चोळ्यांचे तुकडे सारखे लावावेत, वर दुसरे लुगडे घालावे, आणि मग कडेने सुरुवात करून धावदोऱ्याच्या ओळी घालीत घालीत मधोमध यावे. सारवलेल्या जमिनीवर चारी कोपऱ्यांना वरवंट्यासारखे काही जड ठेवून बायका भोवती बसतात. दोरा विकतचा नसेल तर जुन्या काठातून उसवून काढतात. दुपारची भांडी झाल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी, अशा फावल्या वेळात हे काम चालते. महिना-दीड महिना त्यात सहज जातो.

आता हिशेब. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याच्या चार घड्या घातल्या, की पावणेसात फूट लांबीची चौघडी तयार होते. रुंदी पन्ह्याची, सव्वा वाराच्या आसपास. एक माणूस पाय न आखडता निजू शकेल असे हे माप आहे. चौघडी हे नावच या घडीतून आले. जणू नेसण्याचे वस्त्र आणि निजण्याचे वस्त्र यांची लांबी कोणी एकत्र बसून ठरविली असावी! पण लुगडे सगळीकडून सारखे विरत नाही. बसण्या-उठण्याने ते मध्ये आधी जाते. मग गृहिणी मधला विरलेला भाग कापून टाकते आणि दोन्ही चांगले तुकडे जोडून घेते. याला दांड घालणे म्हणतात. दांड घातलेले लुगडे आणखी वर्षभर चालते. त्यानंतर जे उरते ते गोधडीच्या पोटात जाते, वरच्या पदराला नव्हे. तेव्हा एखादीने वर्षाकाठी दोन लुगडी नेसली, तर घरात वर्षाला एखादी बरी चौघडी पडते. तिला वर्षाला एकच लुगडे मिळाले आणि तेही दांड घालून नेसावे लागले, तर वर्षाअखेरीस तिच्या हाती फक्त चिंध्या राहतात. कापडाचा भाव दुप्पट झाला म्हणजे गोधडी दुपटीने महागते असे नाही. ती मिळेनाशीच होते.

कापड हे मुळात फार मोलाचे. आंबेजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले 'पंचीकरण' सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहून काढले. ती पासोडी आजही तेथे आहे आणि पाहणारा अक्षरांचे कौतुक करतो. कौतुक त्या कापडाचेही करावे असे मला नेहमी वाटते. हातांनी सूत काढायचे, हातमागावर विणायचे. चाळीस फूट सलग कापड म्हणजे कित्येक हातांचे कित्येक दिवस. असे कापड फाटले म्हणून कोणी टाकून देत नसे. गोधडीचा जन्म या जपणुकीतला आहे.

यंत्र आले आणि कापड स्वस्त झाले. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली मुंबईत सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून मँचेस्टरचे कापड गावोगावच्या बाजारात येत होते. स्वस्त कापडाने विणकर बुडाला, हे आपण शाळेत शिकलो. पण स्वस्त कापडाने एक नवी गोष्टही केली: तिने गल्लीतल्या बाईचे अंथरूण समुद्रापलीकडच्या भावांना बांधून टाकले. त्याचा पहिला प्रत्यय यायला फार वाट पाहावी लागली नाही.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी जुंपली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस तुटला आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. तीन-चार वर्षांत भाव तिपटी-चौपटीने चढला. खानदेशचा, वऱ्हाडाचा, गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडू लागला. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली तिनेही हातभार लावला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांच्या नावाने कंपन्या निघत. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव आला. दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० साली या साऱ्या उलाढालीवर पुस्तकच लिहिले. कापसाला असा सोन्याचा भाव आल्यावर लोकांनी घरातल्या गाद्या-उशा फोडून आतला कापूस बाजारात नेऊन विकला, असे सांगतात.

या गोष्टीवर आपण हसतो. मलाही प्रथम हसू आले. मग दुसरी बाजू वाचली. त्याच वर्षांत लँकेशायरमध्ये कापूस न मिळाल्याने गिरण्या बंद होत्या, आणि बेकार झालेले मजूर आपली अंथरुणे-पांघरुणे गहाण टाकीत होते. इकडे कापूस महाग म्हणून गादी फुटली, तिकडे कापूस नाही म्हणून गादी सावकाराकडे गेली. एकाच युद्धाने दोन खंडांतली माणसे जमिनीवर निजविली. आणि इकडेही पैसा सर्वांना मिळाला असे नव्हे. मुंबईत धान्य, भाडे, मजुरी, सारेच चढले. कापूस परदेशी चालल्याने सूत महागले, सूत महागल्याने हातमागवाला अडचणीत आला आणि कापड विकत घेणाऱ्याची तर बातच नको. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली, या तेजीच्या ऐन भरात, निघाले. त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणावयाची असेल तर ते अवश्य वाचावे. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या, आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बेही १८६८ साली गुंडाळावी लागली. शेअरांचे कागद रद्दीत गेले. कापसाने भरलेली गादी ज्यांनी विकली नव्हती, ते तेवढे सुखाने झोपले असतील.

दुष्काळाची महागाई निराळी. तीत कापसाचा भाव चढो न चढो, ज्वारीचा चढतो. आणि ज्वारी महाग झाली की घरातला पहिला कट लागतो तो कापडावर. भाकरी आज लागते, लुगडे पुढच्या सणाला पाहू, असा तो विचार. म्हणून १८७६-७७ काय, १८९६-९७ काय, दुष्काळ पडला की शेतमजुराबरोबर विणकरही बेकार होई; सोलापूरकडच्या साळी-पद्मशाली घरांनी हे पुरेपूर भोगले आहे. लोक जुने वापरीत, दांडावर दांड घालीत.

अशा वेळी घरात पूर्वीच्या बऱ्या दिवसांत शिवून ठेवलेल्या गोधड्या हीच काय ती शिल्लक. आणि नेमक्या त्याच वेळी, १८९६ च्या अखेरीस मुंबईत आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात, प्लेग आला. रँडसाहेबाच्या कमिटीचे सोल्जर घराघरांत शिरले ती कथा महाराष्ट्राला पाठ आहे; देवघरे बाटली, स्त्रियांची विटंबना झाली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी त्याचा शेवट काय केला, हेही पाठ आहे. त्या कथेत एक ओळ नेहमी येते आणि तशीच पुढे निघून जाते: रोग्याचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण जाळून टाकले. आरोग्याच्या दृष्टीने पिसवांनी भरलेले अंथरूण जाळणे चूक होते असे आजचा डॉक्टर म्हणणार नाही. पण ज्या घरासमोर ती होळी पेटली, त्या घराच्या दृष्टीने पाहा. दुष्काळाचे साल, कापड घ्यायला पैसा नाही, आणि आजीच्या लुगड्यापासून बारशाच्या कुंच्यापर्यंत पंधरा-वीस वर्षांचे टाके एका तासात राख. ती गोधडी पुन्हा शिवायची तर पुन्हा पंधरा वर्षे लुगडी फाटावी लागणार! लोकांच्या संतापात धर्माचा भाग किती आणि या राखेचा किती, हे कोणी तोलून पाहिलेले नाही.

होळीचा विषय निघालाच आहे तर स्वदेशीची होळी वगळता येत नाही. १९०५ साली पुण्यात आणि ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. दुसरीच्या वेळी दीनबंधू अँड्र्यूज यांच्यासारख्या गांधीजींच्या निकटच्या माणसालाही ते रुचले नाही. देशात लोक उघडे असता कापड जाळावे का, असा प्रश्न अनेकांनी केला. गांधीजींनी त्याला जाहीर उत्तर दिले, की ज्या वस्त्राने आपली मान खाली जाते ते गरिबाला दान म्हणून देणे हा गरिबाचा अपमान आहे. दोघांचेही म्हणणे मनाला पटते. मोठ्या माणसांच्या वादात असेच होते. गोधडीवाल्या बाईचा पक्ष मात्र त्या वादात कोणी मांडला नाही. तिच्या लेखी कापडाला देश नसतो; त्याला फक्त जाडी असते.

या दोन होळ्यांच्या मधल्या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले. गिरण्यांना नफा झाला, आणि भाव असे चढले की १९१७ पासून गिरणी कामगारांच्या पगारावर महागाईची जादा रक्कम द्यावी लागली. 'महागाई भत्ता' या आपल्या परिचयाच्या संस्थेचा उगम तेथे आहे. गरिबांना ठराविक दरात जाडेभरडे कापड मिळावे म्हणून सरकारने १९१८ साली कायदा केला. त्याच साली पावसाने दगा दिला, आणि मानमोडीचा ताप आला. थंडी वाजून ताप भरायचा आणि घरात पांघरूण पुरायचे नाही, अशा अवस्थेत किती माणसे गेली असतील!

१९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला. मजुराला जगायला लागते तरी किती, हे सरकारला प्रथमच मोजून पाहावेसे वाटले. १९२१ साली मुंबईत लेबर ऑफिस निघाले आणि दर महिन्याला राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरायचा, आणि आजचा किती ते पाहायचे. दोन वर्षांनी, १९२३ साली, मजुरांच्या कुटुंबखर्चाचा अहवाल निघाला. त्यात मजुराला मिळणारे धान्य तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याहून कमी भरते असे निघाले, आणि मोठी खळबळ उडाली.

मला या निर्देशांकातला कापडाचा रकाना वाचून गंमत वाटली. त्यात तीनच जिनसा: धोतर, शर्टिंग आणि टी-क्लॉथ. लुगड्याचा पत्ता नाही! लुगडी आणि खण यादीत आले ते पुढे, १९३३-३४ हे साल पाया धरून नवा निर्देशांक काढला तेव्हा. म्हणजे कित्येक वर्षे मुंबईच्या मजुराचा कापडखर्च बायकोला वगळून मोजला जात होता. आणि गोधडी? ती कोठल्याच यादीत येणे शक्य नव्हते. जी वस्तू विकत घेतली जात नाही तिला भाव नाही, आणि जिला भाव नाही ती निर्देशांकात नाही. एका लुगड्याचे दोन उपयोग करून घराचा खर्च खाली ओढणारे जे श्रम, ते हिशेबनिसाला दिसतच नाहीत.

गिरणगावात मात्र कापड दिसे फार, मिळे थोडे. विणताना बिघडलेला ताका कामगाराच्या माथी मारायचा आणि त्याची किंमत पगारातून कापायची, अशी चाल पुष्कळ गिरण्यांतून होती. कामगारांच्या गाऱ्हाण्यांत हे गाऱ्हाणे सतत येत असे. असे कापड पडत्या भावाने विकून मोकळे व्हावे लागे, आणि जे विकले जाईना ते घरी राही. कोकणातून आलेल्या चाकरमान्याच्या खोलीत दहा-दहा माणसे निजत. तेथे अंथरुणाची लांबी पाहण्यापेक्षा रुंदी वाटून घेण्याचाच प्रश्न असे.

दुसऱ्या महायुद्धातील महागाई आजही घरांतून सांगितली जाते. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झाले. ४ मार्च १९४० रोजी महागाई भत्त्यासाठी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो चाळीस दिवस चालला. पण खरी कडकी पुढेच होती. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरले आणि जपानी कापड बंद झाले; विलायती तर जवळजवळ आटलेच होते; आणि इथल्या गिरण्या सैन्यासाठी खाकी, तंबू, पट्ट्या विणण्यात गुंतल्या. १९४३ च्या मध्यास सुती कापडाचा भाव युद्धापूर्वीच्या सुमारे पाचपट झाला. २ मे १९४३ रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि जूनमध्ये कापडावर नियंत्रण आले. गिरणीने प्रत्येक ताक्यावर किंमत छापावी असा हुकूम निघाला. छापलेल्या किमतीचे कापड दुकानात नसे, आणि दुकानामागे जे असे त्याची किंमत छापलेली नसे. 'काळा बाजार' हा शब्द याच दिवसांत आपल्या घरात कायमचा राहायला आला.

देशभराची सरासरी धरली तर त्या काळी माणशी वर्षाला दहा-बारा वार कापड वाट्याला येत होते. पाच माणसांचे घर धरा: सासू, सून, नवरा आणि दोन मुले. बारा वारांनी साठ वार. दोन बायकांची चार लुगडी म्हणजे छत्तीस वार. धोतरजोडीचे नऊ-दहा वार. दोन सदऱ्यांचे सहा वार. पन्नास-बावन्न वार येथेच संपले. उरलेल्या आठ-नऊ वारांत चोळ्या, परकर, मुलांचे कपडे, पंचे आणि, दिवाळी असेल तर, भावाकडून आलेल्या बहिणीची ओवाळणी! त्यातही ही सरासरी कागदावरची. ज्यांच्या पदरी ती पडली नाही अशांची संख्या फार मोठी. बंगालमध्ये १९४५ साली कापडाचा असा दुष्काळ पडला, की लाज राखायला वस्त्र नाही म्हणून बायकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या.

अशा वेळी गोधडीला कापड कोठून निघणार? जुने कापड आता जुने राहिलेच नव्हते. नवऱ्याच्या धोतराचे मुलाचे सदरे झाले, सासूच्या लुगड्याचे नातीचे परकर झाले. दोरा महाग, आणि सुया तर परदेशातून यायच्या. एक सुई मोडली तर घरात बोलणी बसत. त्यात दारावर बोहारीण. एरवी दोन फाटक्या धोतरांवर वाटी देताना घासाघीस करणारी ही बाई या दिवसांत मोठी अदबीने बोलू लागली, कारण जुन्या कपड्यालाही बाजारात भाव आला होता. तिला द्यावे तर आज एक पातेले मिळते आणि हिवाळ्यात मुले कुडकुडतात. न द्यावे तर पातेल्यावाचून अडते. असा प्रश्न सोडविण्याला अर्थशास्त्रात एक भारदस्त नाव आहे म्हणतात. माजघरात त्याला नाव नव्हते.

स्वराज्य आले. कंट्रोल उठवावे असा आग्रह गांधीजींनी धरला होता. १९४७ च्या अखेरीस धान्यावरचे आणि १९४८ च्या जानेवारीत कापडावरचे नियंत्रण सैल झाले. कापडाच्या किमती अशा उसळल्या की त्याच वर्षी सरकारला ते पुन्हा आणावे लागले.

या कापडटंचाईने एक बदल कायमचा केला, असे माझे मत आहे. शहरातल्या तरुण मुली नऊवारी सोडून पाचवारी नेसू लागल्या त्याला शाळा, कचेरी, फॅशन अशी अनेक कारणे आहेत. पण चार वार कापड वाचते, हे कारण सासूला पटण्याजोगे होते, आणि घरातला बदल सासूला पटल्याशिवाय टिकत नाही. आता तोच जुना हिशेब पुन्हा मांडा. पाच वार म्हणजे पंधरा फूट. चार घड्या घातल्या तर पावणेचार फूट. पन्हाही तेवढाच. नऊवारीची चौघडी होई आणि तीत माणूस निजे; पाचवारीची चौघडी चौकोनी, तीत फक्त मूल निजेल.

पुढची हकीकत लवकर सांगता येते. १९६४ पासून गिरण्यांवर ठराविक प्रमाणात स्वस्त, जाडेभरडे कापड काढण्याची सक्ती आली. तेच ते 'कंट्रोलचे कापड'. १९७२ साली महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ कोसळला, लोकांनी अमेरिकेहून आलेला मिलो आणि खडीकामावरची सुकडी खाल्ली. आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या महागाई प्रतिकार समितीमागे मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल यांसाठी मंत्र्यांना घेराव पडले. इतके दिवस ज्या बाईने महागाई सुईने झेलली, तिने पहिल्यांदाच हातात लाटणे घेतले. सुईचा आवाज होत नाही. लाटण्याचा होतो, आणि तो मंत्रालयापर्यंत पोहोचला.

त्याच सुमारास नायलॉन आणि टेरिलीन घराघरांत आले. किती टिकाऊ, किती स्वस्त पडणारे, इस्त्रीची कटकट नाही! महागाईत ते वरदानच वाटले. पण ते विरत नाही, मऊ होत नाही, घाम टिपीत नाही आणि सुईखालून निसटते. नायलॉनची साडी वीस वर्षांनीही नायलॉनच राहते. बोहारणीने कल्हईच्या भांड्यांऐवजी स्टीलची भांडी पुढे केली आणि ती साडी घेऊन गेली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला, आणि गिरणगावातले सुती कापडही हळूहळू ओसरले.

आता गोधडी प्रदर्शनात मिळते. बचत गटाच्या बायका सुरेख गोधड्या शिवतात, शहरातले लोक त्या भिंतीवर टांगतात, परदेशी पाठवितात. पण जुनी सुती लुगडी मिळत नाहीत म्हणून बहुतेकींना नवे कापड ताक्याने विकत आणून, कापून, जोडावे लागते. २०२२ च्या मे महिन्यात कापसाच्या खंडीने लाख रुपयांचा आकडा ओलांडला तेव्हा या बायकांचे अंदाज पार कोलमडले. १८६४ सालची गोष्ट त्यांना कोणी सांगितली असती तर त्यांना ती मुळीच जुनी वाटली नसती. शिवणाऱ्याही थोड्याच राहिल्या. गोधडी शिवून देणारी बाई आता मजुरी रोख सांगते, आणि ती ऐकून घासाघीस करणारे पुष्कळ भेटतात. महिनाभराच्या टाक्यांना इतके पैसे कसले, असे त्यांना वाटते. आजीने ते कधी मागितले नव्हते ना!

एका ठिकाणी मात्र नव्या कापडाचे काही चालत नाही. घरात सून किंवा लेक बाळंतपणाला आली, की दुपट्यांची तयारी सुरू होते. नव्या कापडाला खळ असते, ते तान्ह्या अंगाला बोचते; दुपट्याला दहा वर्षे धुऊन-धुऊन सायीसारखे झालेले सुतीच लुगडे हवे. घरात ते नसते. मग बाळाची आजी चार बिऱ्हाडे फिरते, आणि दारात उभ्यानेच, जरा संकोचून, विचारते, "काकू, तुमच्याकडे एखादे जुने नऊवारी आहे का हो? फाटके असले तरी चालेल."